दोनशे दहाची चोख प्रत

मी एकदा एका विमानाचं इंजिन जाळायला निघाले होते, आणि तेही पेनानं. बाळापुरातल्या आमच्या ओसरीवर बसून, मांडीवर जाड पुठ्ठा घेऊन, जीभ दातांत धरून, अत्यंत सुंदर अक्षरात. चार वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा मी तरुण होते. अडुसष्ट पुरी व्हायला दोन महिने होते, आणि आपल्याला सगळं येतं असं वाटायचं ते वय. आज त्या बाईकडे वळून बघते तर हसू येतं. आत्ता समोर आली असती तर तिच्या हातातलं पेन काढून घेतलं असतं. तिनं ते दिलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

विमान आमचं नव्हतं, हे आधीच सांगते. आमच्या दारात ट्रॅक्टर आहे. विमान होतं नातीच्या कामावरचं. नात म्हणजे धाकट्या लेकाची पोरगी. शेजारच्या जिल्ह्यात विमान उडवायला शिकवणारी एक शाळा आहे. तिथं दोन माणसं बसतील एवढाली लहान विमानं असतात, आणि ती दुरुस्त करायच्या शेडमध्ये ही उमेदवारी करत होती. तिथले मोठे इंजिनिअर हे तिचे साहेब. वर्षभर काम बघून तिला कायम ठेवायचं की नाही, ते साहेब ठरवणार होते. वर्ष संपायला चार आठवडे उरले असताना ही पोरगी, जी विमानाच्या पंखावर मांजरासारखी चढते, ती होस्टेलच्या न्हाणीत घसरली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. साहेबांनी आठ दिवस घरी पाठवलं, पण रिकामं पाठवलं नाही. कागदांचा एक गठ्ठा दिला आणि सांगितलं, हा तक्ता भरून आण.

मार्च महिना होता. अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडलेली. लेक फळीनं ती उलटीत होता, सून आत स्वयंपाकाला लागलेली, आणि आम्ही दोघी ओसरीवर. पोरगी डाव्या हातानं कागद उलटीत होती नि मी तिला विचारून विचारून हैराण करत होते.

प्रकार असा होता. त्या विमानात इंजिनाची काट्यांची जुनी गोल घड्याळं होती. ती काढून आता एकच स्क्रीन बसवलेली. तेलाचा दाब, तेलाची गरमी, चारही सिलेंडरची गरमी, सगळं त्या एका स्क्रीनवर दिसणार. पण नवी स्क्रीन कोरी येते.

"कोरी म्हंजे?"

"म्हंजे तिला आकडा दिसतो, पन तो चांगला का वाईट ते कळत न्हाई. ते आपुन सांगायचं. कुठवर हिरवं, कुठून पिवळं, कुठून लाल. अन् कितीवर गेलं की वरडायचं."

"वरडनार कोन?"

"त्यात एक बाई हाय. पायलटच्या कानात बोलती. इंग्रजीत."

"मराठीत काहून न्हाई?"

"कंपनीला इचार, आजी."

मला त्या बाईचा थोडा हेवाच वाटला. सगळ्यांच्या कानाशी बसून बोलायचं, नि कुणी उलट बोलायचं नाही. मी म्हटलं, मग तिला लवकर बोलू द्या. पन्नास झालं की सांगून टाकायचं, बाबा रे, जपून.

"तसं केलं तर ती दिवसभर वरडत राहील," नात म्हणाली, "अन् पायलट ऐकायचंच सोडून देईल."

"असा कसा सोडंल? जिवाचा सवाल हाय त्याच्या."

"सकाळपासून तू किती बारी वरडलीस, हळदीवर कोंबड्या आल्या म्हनून?"

"आल्याच व्हत्या."

"पयल्या बारी आल्या व्हत्या. पुढच्या चार बारी तू नुसतीच वरडलीस. बाबानं मान तरी वर केली का?"

अंगणात लेक हळद उलटीत होता. त्यानं तेव्हाही मान वर केली नाही. मला कळलं की पोरीचं काम वाटतं तेवढं सोपं नाही.

लाल रेघ कुठं असावी, ते इंजिन बनवणाऱ्यांनीच ठरवून दिलेलं असतं. त्याला कुणी हात लावायचा नाही. तक्त्यावर ते आकडे छापूनच आले होते. सिलेंडरची लाल रेघ दोनशे साठ अंशांवर. पण तिथं पोचायच्या आधी किती अंशांवर त्या बाईनं तोंड उघडायचं, ते साहेबांनी नातीवर सोपवलं होतं. वर्षभरातलं तिचं स्वतःचं असं हे पहिलं काम. आणि आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहीत आहे. विमान जमिनीवर नुसतं चालू उभं असलं तरी सिलेंडर तापतात. दोनशेवर अलार्म ठेवला तर रोज दुपारी कटकट. दोनशे वीसवर ठेवला तर पायलटला हालचाल करायला वेळ कमी. पोरीनं मागच्या उन्हाळ्याच्या नोंदींचे फोटो मोबाइलवर मोठे करकरून तीन दिवस बघितले. जेवताना एका हातानं भाकरी नि समोर मोबाइल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, "दोनशे दहा."

मी म्हटलं, "पक्कं?"

"पक्कं. चारी सिलेंडरला दोनशे दहा."

मला तेव्हा तिचा चेहरा बघून इतकं बरं वाटलं की मी मधे पडले. तिचं डाव्या हाताचं अक्षर म्हणजे खेकडा शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं. मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते.

इथं माझी जुनी खोड सांगायला हवी. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. अक्षर ही माझी शान. फळ्यावर मी लिहिलेली तारीख पुसायला पोरं कचरत, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. आकड्यांवर तर विशेष जीव. माझा मराठी एक म्हणजे गोल गरगरीत डोकं नि खाली एक ऐटदार शेपूट. एखाद्या पोरानं इंग्रजी आकडा घातला की ही बाई त्याला दहादा मराठी लिहायला लावायची. ती बाई म्हणजे मी. त्या पोरांची आज माफी मागते. त्यातले निम्मे आता माझ्याहून मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि सगळे इंग्रजी आकडे काढतात.

"आकडे इंग्रजीत, आजी," नातीनं सुरुवातीलाच बजावलं.

"मला शिकवती व्हय?"

तर तिनं सांगितलं नि मी लिहिलं. सगळं बरोबर लिहिलं. इंग्रजीतच. मधे एकदा खाडाखोड झाली आणि कोपऱ्यावर चहाचा गोल डाग पडला, एवढंच. नातीनं मला एक एक आकडा परत वाचायला लावला, स्वतः गठ्ठ्यातल्या इंजिनाच्या पुस्तकाच्या पानाशी ताडून बघितला. त्यांच्यात तशी रीतच आहे, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं. मग म्हणाली, झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत झोपली.

इथं थांबले असते तर लिहायला काही उरलंच नसतं.

पण तो डाग मला बघवेना. साहेबांच्या हातात डागाचा कागद जाणार, आणि त्यावर अक्षर माझं. तक्त्याचा एक कोरा कागद जास्तीचा होता. शाळेत आम्ही कच्चं लिहून घेत असू नि मग चोख प्रत करवून घेत असू. पोरगी झोपलेली असताना मी चोख प्रत करायला बसले. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला गरज नव्हती. ओळीनं आकडे उतरवत गेले, इंग्रजीच, एकदम छापल्यासारखे. सिलेंडरच्या चार ओळींशी आले आणि भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "बाई, बोअरची मोटार जळाली हो. तुमच्याकडं मोटारवाल्याचा नंबर हाय का?"

मी तिच्याशी बोलत बोलत हात चालू ठेवला. एक रेघ न चुकता. चारदा दोनशे दहा. मग त्याच पेनानं एका चिटोऱ्यावर तिला नंबर लिहून दिला. मग कच्चा कागद चुरगाळून बंबात घातला, संध्याकाळच्या पाण्याला. काम कसं नेटकं झालं पाहिजे.

नात उठली तेव्हा मी चोख प्रत तिच्यापुढं ठेवली. ती म्हणाली, "अगं आजी, हे तर छापून आणल्यावानी हाय." मी म्हटलं, छे गं, काहीतरीच. मनात म्हटलं, अजून बोल. तिनं ती प्रत परत वाचून काही बघितली नाही. बघायचं असतं, तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती प्लास्टरसकट निघाली. स्क्रीनवर बोटं दाबायला डावा हात पुरत होता.

ती गेल्यावर एक अख्खा दिवस मी फार सुखात होते. वर विमान गेलं की मान वर करून बघायचे. आमच्यावरून जातात ती मोठी, लांबची विमानं. पण मला वाटायचं, काय सांगावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शेजारीण आली नि पायरीवरच बसली.

"बाई, तुमच्या मोटारवाल्यानं धंदा बदलला का?"

"काहून?"

"परवापासून फोन लावून राहिले. कोनी तरी बाईच उचलून राहिली. चौथ्या बारी तर म्हनली, ताई, आता मी तुमचा नंबर सेव करून ठिवते, बोलत जाऊ अधूनमधून."

"चुकीचा लावला असंल तू."

"हे बघा तुमचाच कागद. हा नऊ. मंग हा परत नऊ."

मी चष्मा लावून चिटोरं बघितलं. "नऊ न्हाई गं. एक हाय तो. मराठी एक."

"असा कसा एक? मधल्या मधी मराठी? बाकी समदं इंग्रजी हाय की."

ती बरोबर बोलत होती. बाकी सगळं इंग्रजी होतं. बोलण्याच्या नादात डोकं दुसरीकडं गेलं की माझा हात जुन्या सवयीवर जातो आणि आपला आवडता एक काढतो. आमचा मराठी एक आणि त्यांचा इंग्रजी नऊ शेजारी ठेवून बघा. डोकं गोल, खाली शेपूट. ज्याला माहीत नाही त्यानं काय वाचावं?

आणि मग माझ्या डोळ्यांपुढं त्या चार ओळी आल्या. त्याच वेळी, त्याच पेनानं, ह्याच बाईशी बोलत लिहिलेल्या. दोन, मग माझा ऐटदार एक, मग शून्य. २१०. इंग्रजीत वाचणाऱ्याला दिसणार 290. चारही सिलेंडरला सारखंच, म्हणजे एकाला बघून दुसऱ्याची शंकाही यायची नाही. दोनशे साठाला इंजिन लाल होणार, आणि ती कानातली बाई दोनशे नव्वद होईपर्यंत गप्प बसणार.

शेजारणीला मी काय सांगून वाटेला लावलं ते आठवत नाही. आता खरं सांगायचं म्हणजे मी लगेच फोन केला नाही. चांगला अर्धा तास बसले. मनात आलं, पोरगी हुशार आहे, तिच्या ध्यानात येईलच. आलं नाही तर साहेबांच्या येईल. एकतीस वर्षांत माझ्या हजेरीपटात कुणी चूक काढली नव्हती आणि आता ही चूक मीच काढून मीच सांगायची? तेवढ्यात लेक पाणी प्यायला ओसरीवर आला नि माझ्याकडं बघून म्हणाला, "आज कोंबड्या दिसून न्हाई राहिल्या का? आवाज न्हाई तुझा."

मी फोन उचलला.

बंद. शेडमध्ये कामाच्या वेळी मोबाइल खणात ठेवतात, हे मला माहीत होतं, तरी मी सात वेळा लावला. एकच्या सुमाराला, जेवायच्या सुट्टीत, तिचाच फोन आला.

"आजी, काय झालं? सात मिसकॉल. बाबा बरा हाय ना?"

"समदे बरे हायेत. तू त्या सिलेंडरला अलार्म किती घातला?"

"तू लिहिला तोच."

"किती?"

"दोनशे नव्व..." म्हणता म्हणता ती थांबली. मागं कुठंतरी पत्र्यावर हातोडा वाजत होता.

"मराठी एक हाय तो," मी म्हटलं. "माझी चूक हाय, लेकरा."

"लाल दोनशे साठ, अन् अलार्म दोनशे नव्वद," ती हळूच म्हणाली, जशी स्वतःलाच वाचून दाखवत होती. "तीन दिवस मी तो आकडा शोधला अन् घालताना मला खटकलं न्हाई. तुझं अक्षर इतकं सुंदर हाय आजी, की शंकाच येत न्हाई."

आयुष्यात माझ्या अक्षराची इतकी तारीफ कुणी केली नव्हती, आणि इतकी झोंबली पण नव्हती.

"मंग आता बदल की. बटनच दाबायचं हाय ना?"

"साहेबांनी सकाळी सही केली. कागद अन् स्क्रीन बराबर हाय का ते बघितलं, अन् केली. दोन्हीकडं दोनशे नव्वद. चार वाजता इंजिन सुरू करनार हायेत."

"मंग सांग त्यायला, आजीनं घोळ केला."

"कागदावर तुझं नाव न्हाई, आजी. माझं हाय." मग म्हणाली, "अन् खाली त्यांचं. आता त्यांना जाऊन सांगायचं, तुमची सही चुकीवर हाय म्हनून. तेही अठरा दिवस राहिले असताना."

"गुपचूप बदललं तर?" हे कोण बोललं? एकतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर सुविचार लिहिणारी बाई बोलली.

"आजी," नात म्हणाली, "फोन ठिव."

संध्याकाळपर्यंत मी काहीच धड केलं नाही. सुनेनं निवडायला दिलेल्या तुरीच्या डाळीत खडे तसेच सोडले आणि ते जेवताना लेकाला लागले. साडेसातला फोन आला. तिनं जाऊन सांगितलं होतं. साहेबांनी ऐकून घेतलं, कागद मागितला, खिशातला चष्मा लावून बराच वेळ बघितला. इंजिन सुरू करायचं दुसऱ्या दिवसावर गेलं. मग त्यांनी स्वतः स्टूल ओढलं, इंजिनाचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचलं. पोरगी स्क्रीनवर बघून हो म्हणत गेली. तीन तास.

"मंग? रागावले?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. बोललेच न्हाईत."

"मी येते. सांगते त्यायला समजावून."

"येऊ नको. आलीस तर त्यांच्या भिंतीवरच्या पाट्या पन परत लिहून काढशील."

त्यानंतरचे अठरा दिवस आमच्या घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही, म्हणजे सगळे तेवढंच मनात घोळवत होते. हळद वाळली, पोत्यात भरली, वसमतच्या बाजारात गेली. शेजारणीची मोटार दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केली. त्या राँग नंबरवाल्या बाईशी मात्र तिची चांगली ओळख झाली. तिच्या लेकीला मुलगा झाला, हेही आम्हाला कळलं. नातीचं प्लास्टर निघालं. ती फोनवर साधं साधं बोलायची, जेवले, झोपते, ऊन फार आहे. एकदा तेवढं म्हणाली की भर दुपारी ती कानातली बाई पहिल्यांदा बोलली, दोनशे दहाला बराबर, आणि पायलटनं ऐकलं, विमान वाऱ्याच्या तोंडाला फिरवलं, नि आकडा खाली आला. हे सांगताना तिचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. मी पदरानं डोळे पुसले आणि सुनेला म्हटलं, कांदा कापत होते. कांदा सून कापत होती.

महिना संपायच्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मला वाटलं, ती राँग नंबरवाली बाई. पुरुषाचा आवाज निघाला, शांत, शहरी.

"तो तक्ता लिहिणाऱ्या बाई तुम्हीच का?"

मी बसलेली उठून उभी राहिले. डोक्यावर पदर घेतला. इन्स्पेक्शनला साहेब यायचे तेव्हा मी अशीच उभी राहायचे. म्हटलं, "व्हय, मीच. पोरीचा काही दोष न्हाई साहेब. तिनं बरोबर सांगितलं होतं. मलाच चोख प्रत करायची हौस आली."

"बाई, बसा तुम्ही," ते म्हणाले. मी उभी आहे, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. "त्या कागदावर सही माझी होती. मी कागद स्क्रीनशी लावून बघितला, पुस्तकाशी लावून बघितला नाही. अक्षर बघूनच मला वाटलं, हे बरोबर असणार. तिनं येऊन सांगितलं नसतं तर मी त्या दिवशी चार वाजता इंजिन सुरू केलं असतं."

मी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं. म्हटलं, "मंग साहेब, आमच्या लेकराचं काय ठरलं?"

ते थोडं हसल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, "ती आमच्याकडंच राहणार, बाई, आजच कागद दिला तिला. आणि तक्त्याच्या तळाशी मी दोन ओळी नव्यानं छापून घेतल्या आहेत. एक, आकडे इंग्रजीतच लिहावेत. दोन, चोख प्रत करू नये. पहिली सगळ्यांसाठी आहे, दुसरी निव्वळ तुमच्यासाठी."